माडीवरच्या क्लासचा रंग: कार्पेट तेच, भिंती नव्या

१६ सप्टेंबर

गोव्यात म्हार्दोळच्या पुढे, कुळागराला, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेला, लागून असलेले घर. जुना भाग चिऱ्याचा, वर माडी, माडीवर बाईंचा गाण्याचा क्लास. चवथीआधी खालचे घर रंगवून झाले. माडी तेवढी राहिली, कारण पश्चिमेच्या भिंतीला ओल होती आणि भर पावसात तिला कोणी हात लावायला तयार नव्हते. तुळशीच्या लग्नाआधी खोली हातात द्यायची आहे. अट एकच: कार्पेट बदलायचे नाही. दोह्याला असलेल्या मुलाने ते हौसेने घालून दिले आहे, आणि खरे सांगायचे तर ते चांगल्या स्थितीत आहे.

खोली २२ बाय १४ फूट, उंची साडेदहा. कार्पेट म्हणजे ५० बाय ५० सेंटिमीटरचे सुटे चौकोन, नायलॉनचे, आखूड लूपचे. रंग कोणता म्हणावा? बेज म्हणा, राखाडी म्हणा, दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. वर सागवानी फळ्यांचे छत, तांबूस पॉलिशचे. पूर्वेच्या लांब भिंतीत तीन खिडक्या, कुळागराकडे उघडणाऱ्या. पश्चिमेला एकच, अंगणाकडे, आणि अंगण तांबड्या मातीचे. भिंती फिक्या पिवळ्या होत्या. केसरबाई केरकरांची तसबीर उतरवली तेव्हा मागचा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा बराच उजळ निघाला.

वहिनी म्हणाल्या, "कार्पेटला मॅच होईल असा रंग सांगा." बाईंना पांढरा हवा आहे, चुन्यात नीळ घालून करतात तसा. खाली अंगणात उभा असलेला शेजारी म्हणाला, क्रीम मारा, क्रीम कशावरही जाते. हे मी प्रत्येक कामावर ऐकते. क्रीममध्ये पिवळे किती आणि कार्पेटमध्ये पिवळे किती, हे आधी बघावे लागते.

आज शेडकार्ड पिशवीतून काढलेच नाही.

१९ सप्टेंबर

पेंटर खानापूरकडचा, मराठी बोलणारा, हात सफाईदार. त्याला घाई आहे. "मॅडम, शेड सांगा, मी घासायला घेतो." त्याला आधी पश्चिमेची भिंत खरवडायला लावली आणि मी कार्पेटकडे वळले.

कपाटाखालचा एक चौकोन उचलला आणि दाराजवळच्या चौकोनाशेजारी ठेवला. दोन वेगळी कार्पेटे वाटावीत इतका फरक. दाराजवळचा गुलाबीसर, कपाटाखालचा थंड, जवळजवळ हिरवट राखाडी. खिडकीखालच्या ओळीतले तुकडे उन्हाने थोडे फिके झालेले, तो तिसरा प्रकार. आता भिंत जुळवायची ती यातल्या कोणाशी?

गुलाबीपणा उन्हाने येत नाही. तळहात दाबून ओढला तर बोटांना तांबडी धूळ. पायांबरोबर अंगणातली माती वर येते, लूपच्या मुळाशी बसते, झाडूने वरची निघते आणि खालची तशीच राहते. म्हणजे जो रंग सगळे "कार्पेटचा रंग" म्हणून धरून बसले आहेत, त्यात अर्धा वाटा अंगणाचा आहे.

आधी कार्पेट धुवायचे, मग रंग. वहिनींना पटले. बाईंना नाही: "अगो, धुवून त्याचा रंगच गेला तर?" त्यांच्यासमोर एक चौकोन ओल्या पांढऱ्या फडक्याने घासला. फडके तांबडे झाले, पण फडक्याला बेजचा अंशही लागला नाही. मग त्या गप्प राहिल्या, म्हणजे होकार.

२४ सप्टेंबर

फोंड्याहून यंत्र घेऊन माणसे आली. आधी कोरडे व्हॅक्यूम, मग पाण्याचा फवारा आणि लगेच ओढून घेणे. टाकीतले पाणी गेरूच्या रंगाचे. दुसऱ्या वेळी फिक्कट, तिसऱ्या वेळी जवळजवळ स्वच्छ. पाऊस अजून आहे, हवेत दमटपणा आहे, म्हणून खिडक्या उघड्या ठेवून दोन पंखे रात्रभर चालू. ओलसर कार्पेट बंद खोलीत ठेवले की वास धरते, आणि तो वास रंगाने जात नाही.

काम होता होता लक्षात आले की सुटे चौकोन असण्याचा मोठा फायदा आहे. दाराजवळचे चार तुकडे कपाटाखाली सरकवले आणि कपाटाखालचे न वापरलेले दाराशी आणले.

२७ सप्टेंबर

आज कार्पेटचा खरा रंग शोधला. पद्धत साधी आहे. एकटा तटस्थ रंग आपला कल कधी सांगत नाही, शेजारी दुसरा ठेवला की सांगतो. छपाईचा कोरा पांढरा कागद कार्पेटवर ठेवला: कार्पेट मातकट दिसले, एवढेच कळले. मग शेडकार्डातली चार बेज ओळीने ठेवली, एक पिवळ्याकडे झुकणारे, एक गुलाबीकडे, एक हिरव्याकडे, एक सरळ राखाडी. गुलाबी बेजशेजारी कार्पेट चक्क हिरवे दिसायला लागले. हिरव्या बेजशेजारी ते त्यातच मिसळून गेले. म्हणजे कल हिरवट, थोडी पिवळसर झाक असलेला.

जवळून पाहिले तर धागे तीन: एक फिका, एक मध्यम, एक गडद राखाडी. दुकानात लोक यातला एक धागा पकडून त्यावर बोट ठेवतात. तसे करू नये. दहा पावले मागे जाऊन डोळे अर्धे मिटायचे, म्हणजे तिन्ही एक होतात. त्याच अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी शेडकार्डाची पट्टी कार्पेटवर सरकवत जायची. जी पट्टी दिसेनाशी होते, तिचा उजेड कार्पेटइतका. काही कंपन्या शेडसोबत एलआरव्ही छापतात, म्हणजे तो रंग किती प्रकाश परत फेकतो त्याचा आकडा, ० म्हणजे काळा आणि १०० म्हणजे पांढरा. आमचे कार्पेट ३० च्या आसपास निघाले. भिंतीला ६५ च्या आगेमागे काहीतरी लागेल. पूर्वेला कुळागर असल्यामुळे या खोलीत उजेड मुळात मोजकाच. पोफळी, माड, केळी, वर चढलेल्या मिरवेली: सूर्य या सगळ्यांतून गाळून येतो.

आणि तो हिरवा होऊन येतो. सकाळी नऊ वाजता कोरा कागद पश्चिमेच्या भिंतीशी धरला, तर कागदावर हिरवी छाया स्पष्ट दिसत होती. कुळागराला बारा महिने पाणी असते, त्यामुळे ही छाया एप्रिलमध्येही राहणार. पश्चिमेचा डोंगर मात्र उन्हाळ्यात पिवळा पडतो. संध्याकाळी उलट: अंगणातून उसळलेले तांबूस ऊन पूर्वेच्या भिंतीवर. एका खोलीत एकाच दिवसात दोन विरुद्ध रंगांचे प्रकाश, आणि खाली हिरवटपणाकडे झुकलेले कार्पेट, वर तांबूस छत.

३ ऑक्टोबर

पश्चिमेची भिंत. खरवडल्यावर खालून तीन थर निघाले, सगळ्यात आत चुन्याचा. खिडकीखाली पांढरे क्षार फुटलेले. ओल वरून नाही, जमिनीतूनही नाही, कारण हा वरचा मजला. बाहेरून शिडी लावून पाहिले तर खिडकीच्या उंबऱ्याला आतल्या बाजूला उतार. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो. उंबऱ्यावरचे पाणी इतकी वर्षे आत जात होते.

गवंड्याने उंबरा फोडून बाहेरच्या बाजूला उतार दिला, खाली पाणी टपकून पडावे म्हणून खाच घेतली, भेग भरली. आत सुटलेला गिलावा काढून चुन्याचाच भरला. सिमेंट नको म्हणून सांगितले. चिरा सच्छिद्र, पाणी पितो आणि सोडतो. त्याच्यावर सिमेंट आणि वर प्लास्टिक इमल्शन मारले की सोडायची वाट बंद होते, आणि पुढच्या ऑगस्टला पुन्हा पोपडे.

इतर तीन भिंतींवर प्लास्टिकचे हातभर तुकडे चारी बाजूंनी चिकटवून ठेवले आहेत. आतून घाम आला तर भिंत अजून ओली.

४ ऑक्टोबर

प्लास्टिक कोरडे. तीन भिंती रंगाला तयार.

७ ऑक्टोबर

रंगाआधी दिवे. खोलीत चार ट्यूब, सगळ्या ६५०० केल्विनच्या निळसर (केल्विनचा आकडा जितका मोठा, उजेड तितका निळसर). क्लास संध्याकाळी पाच ते आठ, म्हणजे खोलीचा बहुतेक वापर दिव्यांखाली. दुपारच्या उजेडात रंग ठरवायचा आणि आयुष्यभर तो ट्यूबखाली बघायचा, याला काही अर्थ नाही. ४००० केल्विनचे एलईडी बसवून घेतले, रंग नीट दाखवणारे, सीआरआय ९० च्या वरचे. २७०० चा विचार केला होता, पण तांबूस छताखाली तो उजेड सगळ्यालाच मधासारखा लेप देतो, आणि बाईंना चष्म्याने वहीतली स्वरलिपी वाचायची असते.

दिवे बदलल्या बदलल्या वहिनी म्हणाल्या, "कार्पेट किती बरे दिसायला लागले!" भिंत अजून तीच जुनी.

१० ऑक्टोबर

फोंड्यातल्या रंगाच्या दुकानात कार्पेटचा चौकोन बगलेत मारून गेले. दुकानदाराने ओळखून नमस्कार केला, मग चौकोन पाहून हसला. दुकानातला उजेड पांढरा फटफटीत, म्हणून चौकोन आणि शेडकार्ड घेऊन फूटपाथवर उभी राहिले.

यंत्रातून रंग कसा निघतो हे प्रत्येक मालकाने एकदा पाहावे. पांढरा बेस सगळ्यांना तोच. त्यात थेंब पडतात: पिवळा ऑक्साइड, तांबडा ऑक्साइड, काळा, क्वचित हिरवा. दहा "ऑफव्हाइट" म्हणजे त्याच तीन-चार थेंबांची दहा प्रमाणे. डब्यावर चिकटणाऱ्या लेबलवर ती प्रमाणे छापलेली असतात, आणि ते लेबल शेडच्या गोड नावापेक्षा जास्त खरे बोलते. ज्यात तांबड्याचा एकही थेंब नाही तो गुलाबी होणार नाही. ज्यात काळा अजिबात नाही तो बहुतेक संध्याकाळी पिवळा ओरडणार.

चार छोटे नमुने घेतले. कंपन्यांची नावे लक्षात राहत नाहीत, म्हणून पेंटरने आणि मी आपली ठेवली: काजूगर (उबदार, किंचित पिवळट), सोलकढी (गुलाबीसर), राख (थंड करडा), शहाळे (हिरवट पांढरा).

१२ ऑक्टोबर, दसरा

काम बंद. सरस्वतीपूजन माडीवरच झाले, दोन तानपुरे, हार्मोनियम, तबला धुतलेल्या कार्पेटवर मांडून. मी पेढे खायला गेले आणि नजर भिंतीवर. बाई म्हणाल्या, आज तरी बस.

१४ ऑक्टोबर

नमुने भिंतीवर मारले नाहीत. एक तर जुना पिवळा शेजारी असला की नवा रंग खोटे बोलतो, दुसरे म्हणजे ठिगळाची कड शेवटच्या हातातूनही वर दिसते. दोन फुटी पांढऱ्या जाड पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारले, चारी बाजूंना बोटभर पांढरी कड सोडून. वाळू दिले, कारण इमल्शन ओले असताना फिके असते आणि वाळल्यावर गडद होते. मग पुठ्ठे भिंतीला टेकवून उभे केले, खालची कड थेट कार्पेटला टेकलेली. आडवा धरलेला रंग आणि उभा धरलेला रंग एक नसतो. भिंत उभी असते, तर नमुनाही उभाच पाहायचा.

पहिली गळली ती सोलकढी. गुलाबी म्हणजे रंगचक्रात हिरव्याच्या समोरचा रंग, तिच्याशेजारी कार्पेट शेवाळल्यासारखे दिसले. बाईंनी मान हलवली: "म्हाका हो रंग नाका."

शहाळे कागदावर सगळ्यात जवळचे होते. संध्याकाळी दिव्याखाली उत्तम. सकाळी मात्र कुळागराचा हिरवा, भिंतीचा हिरवा आणि कार्पेटचा हिरवा एकत्र आले आणि बाईंचा चेहराही त्यात बुडाला. गाणे शिकवणाऱ्याच्या खोलीत माणसांची कातडी आजारी दिसता कामा नये.

काजूगर सकाळी सुंदर, संध्याकाळी छताच्या तांबूसपणाबरोबर जरा जास्तच गोड.

राखेबद्दल उद्या लिहीन, तिच्यावरून घरात वाद आहे.

१५ ऑक्टोबर

मुलाने दोह्याहून व्हिडिओ कॉलवर खोली पाहिली आणि राख पसंत केली. त्याच्या तिकडच्या फ्लॅटमध्ये भिंती करड्या, सोफा बेज, आणि ते छान दिसते. फोनवर त्याला राखेशेजारी कार्पेटही छान दिसले. फोनचा कॅमेरा पांढरा रंग स्वतःच ठरवतो. पडद्यावर करडा जास्त आला की तो सगळ्यालाच थोडी ऊब देतो. मी पुठ्ठ्याशेजारी कोरा कागद ठेवून पुन्हा फोटो पाठवला. कागद पिवळट आलेला पाहून त्याला मुद्दा कळला.

प्रत्यक्ष खोलीत राखेने काय केले? ती थंड, निळसर. तिच्याशेजारी कार्पेट पिवळे आणि मळके दिसायला लागले. नुकतेच धुतलेले कार्पेट. हा खेळ जुना आहे. शेवरल नावाचे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलाँ या भित्तिवस्त्रांच्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तिथे तक्रार होती की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी तपासले तर रंगात खोट नव्हती. तो धागा निळ्या-जांभळ्याशेजारी विणला जात होता आणि शेजाऱ्यामुळे फिका पडत होता. १८३९ मध्ये त्यांनी हे सविस्तर मांडले: शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्यापासून दूर ढकलतात. निळसर भिंत कार्पेटला पिवळ्याकडे ढकलते, गुलाबी भिंत हिरव्याकडे. बाईंचा नीळ घातलेला पांढरादेखील याच कारणाने बाद.

हे सगळे मी फोनवर समजावत बसले नाही. वहिनींनी राख आणि काजूगर शेजारी धरून कॅमेरा हलवला आणि म्हणाल्या, "बघ, इकडे कार्पेट जुने दिसते, तिकडे नवे." वाद मिटला.

१७ ऑक्टोबर

काजूगर, पण अर्ध्या जोराचा. दुकानात तोच फॉर्म्युला निम्म्या थेंबांनी काढून घेतला आणि त्यात काळ्याचा एक थेंब वाढवला. दोन कारणे. छोट्या पुठ्ठ्यावर जो रंग सौम्य वाटतो तो समोरासमोरच्या भिंतींवर गेला की एकमेकींवर प्रकाश फेकून गडद होतो. म्हणून मनात आहे त्यापेक्षा एक पायरी खाली राहायचे. आणि काळा यासाठी की पिवळ्याचा आवाज उतरावा. कार्पेटमध्येही करडेपणा आहेच, तो धागा भिंतीत थोडा यायला हवा.

कार्पेटच्याच रंगाची भिंत का नाही, असे पेंटरने विचारले. त्याला पुठ्ठ्यावर करून दाखवले. जमीन आणि भिंत सारखी झाली की खोलीला तळ राहत नाही, छत एकदम अंगावर येते. दोघांचा कल एकाच बाजूचा हवा, वजन वेगळे हवे.

नवा पुठ्ठा खोलीत ठेवून आले आहे. वहिनींना सांगितले, सकाळी, दुपारी, दिवे लावल्यावर, तिन्ही वेळा बघा आणि मला काही सांगू नका.

२१ ऑक्टोबर

पुठ्ठा पास. आता नवा प्रश्न बाईंनीच काढला, आणि तो बरोबर आहे. मुले कार्पेटवर बसतात ती भिंतीला टेकून. खोबरेल तेलाचे डाग, ओळीने, एकेका डोक्याचा. टेप लावली: सगळ्यात उंच डाग पावणेतीन फुटांवर. फिका मॅट रंग इथे सहा महिन्यांत हरेल.

खिडक्यांचा उंबरा ३ फुटांवर आहे. त्या रेषेपर्यंत तीन भिंतींना पट्टा, पुसता येईल अशा सॅटिनमध्ये, त्याच काजूगरचा गडद भाऊ, एलआरव्ही ४२ चा. जुन्या घरांत खाली गेरूचा पट्टा असायचा तो उगाच नव्हता. या पट्ट्याने आणखी एक काम झाले: कार्पेट ३०, पट्टा ४२, भिंत ६७, अशी उजेडाची पायरी तयार झाली. पट्ट्यासाठी कार्पेटचा मध्यम धागा धरला, गडद नाही. गडद धरला असता तर खोली कंबरेत कापली गेली असती.

सॅटिनवर चकाकी येते आणि लांबीतली (भिंतीच्या पुट्टीतली) प्रत्येक लाट दाखवते. म्हणून खालच्या तीन फुटांत लांबीचा दुसरा हात आणि बारीक पॉलिश पेपर. पेंटर कुरकुरला, पण केले.

हिशोब: वरची भिंत सुमारे ३०० चौरस फूट, पट्टा १३० च्या आसपास. दोन हातांना लीटरमागे ६० ते ६५ चौरस फूट धरले. वरच्यासाठी ५ लीटर, पट्ट्यासाठी २. सगळा रंग एकाच वेळी काढून घेतला आणि पाचही लीटर एका बादलीत एकत्र ढवळले. यंत्रातून दोनदा निघालेला एकच शेड कधीकधी केसभर वेगळा असतो, आणि तो केस नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो.

२५ ऑक्टोबर

पश्चिमेची भिंत चुन्याने करायची, कारण नवा गिलावा आहे आणि तिला श्वास हवा. पण चुन्यात काजूगर कसा आणायचा? तीन दिवस यातच गेले.

चुन्यात टिकणारे रंग मोजके. पिवडी (पिवळी माती), गेरू, काळा आणि पिवळा ऑक्साइड: लोखंडाचे रंग क्षाराला घाबरत नाहीत. प्रशियन निळ्यासारखे चुन्यात मरतात. आणि रंगाची भुकटी चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या वर नेली तर चुना ती धरून ठेवत नाही, हाताला लागत राहते. आपल्याला तेवढी लागणारच नव्हती.

खरा घोळ वाळण्याचा. इमल्शन वाळले की गडद होते. चुना वाळला की उजळतो, तोही बराच. ओला चुना जवळजवळ पारदर्शक, कळकट दिसतो, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पांढरा होतो. ओल्यात जुळवलेले दोन रंग वाळल्यावर दोन दिशांना पळतात. म्हणून खिडकीच्या बाजूला, पुढे कपाटामागे जाणार त्या जागी, पाच ठिगळे मारली. चमच्याने मापून: एका बादली चुन्याला पिवडी किती, काळा किती, प्रत्येक ठिगळाशेजारी पेन्सिलीने लिहून. पहिल्या दिवशी पाचही चुकीची वाटली. वाळल्यावर तिसरे बसले.

पेंटरने चुना गाळताना चष्मा लावला नव्हता. काम थांबवून लावायला लावला. डोळ्यात चुना म्हणजे थट्टा नाही.

२९ ऑक्टोबर

वरच्या भिंतींना प्रायमर आणि पहिला हात. दिवाळीसाठी पेंटर गावी. नरकासुराच्या रात्री रस्त्याने सामान नेण्यात अर्थ नाही, सगळी वाहतूक राक्षसांच्या पुतळ्यांची असते.

५ नोव्हेंबर

पेंटर परत आला. पश्चिमेची भिंत पाण्याने ओलसर करून चुन्याचा पहिला पातळ हात. दाट एक हात मारला की तडकतो. पातळ चार मारायचे, प्रत्येकामध्ये एक दिवस.

पट्ट्याचा पहिला हातही आज. टेप लावून सरळ रेषा काढली. खिडकीच्या उंबऱ्याला रेषा जुळली, पण दाराच्या चौकटीपाशी जमीन अर्धा इंच उतरती आहे. जुन्या घरात गवंड्याची लेव्हल आणि डोळा यांत डोळ्याचे ऐकायचे. रेषा छताला समांतर ठेवली, जमिनीला नाही, कारण कार्पेटच्या लूपमध्ये अर्धा इंच हरवतो आणि फळ्यांच्या सरळ ओळीपुढे हरवत नाही.

८ नोव्हेंबर

ज्या कोपऱ्याची भीती होती तो आज पाहिला: उत्तरेची इमल्शन भिंत आणि पश्चिमेची चुन्याची जिथे भेटतात. सरळ उन्हात चुना एक रेघ उजळ आहे, आणि पोत वेगळा, मऊ. वहिनींना फरक दिसला नाही. पेंटरला दिसला. कोपऱ्यात दोन भिंतींवर उजेड नेहमीच वेगवेगळा पडतो. तोच डबा दोन्हींवर मारला तरी त्या सारख्या दिसत नाहीत. हा फरक तिथेच लपतो. एका सपाट भिंतीवर मात्र असे दोन प्रकार शेजारी कधीच ठेवले नसते.

चुन्याच्या भिंतीला कोणी टेकायचे नाही, पाठ पांढरी होईल. वाद्यांचे कपाट तिथेच जाणार, भिंतीपासून चार बोटे लांब, म्हणजे मागून हवा खेळेल. बाई कपाटासमोर बसतील.

११ नोव्हेंबर

दुसरे हात पूर्ण. स्कर्टिंग पट्ट्याच्याच रंगात गेले, वेगळी गडद रेघ नको होती. कार्पेटवरचे प्लास्टिक काढले. दोन ठिकाणी इमल्शनचे थेंब होते, पेंटरने ते ओले असतानाच पुसले नव्हते. ते चौकोन कपाटाखाली गेले.

सकाळी नऊला उभी राहिले. कुळागराचा उजेड चुन्याच्या भिंतीवर पडला, हिरवटपणा आहे, पण पिवडी तो खाऊन टाकते. संध्याकाळी सहाला पूर्वेच्या भिंतीवर अंगणाचे तांबडे. दिवे लावल्यावर दोन्ही शांत. कार्पेट तिन्ही वेळा करडे-बेजच राहिले, कुठल्याच बाजूला पळाले नाही. बाईंचे मत: "बरा आहे. पांढरा नाही, पण बरा."

कपाटाच्या दाराच्या आत चिकटवले: दोन्ही डब्यांची लेबले, चुन्याचे चमच्याचे माप, कार्पेटच्या उरलेल्या सहा चौकोनांची जागा. शिल्लक इमल्शन छोट्या डब्यात काठोकाठ भरून ठेवले. अर्ध्या रिकाम्या बादलीत ते साय धरते. वहिनींसाठी चिठ्ठी: जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर खिडकीखाली हात लावून बघणे. या भिंतीवर कोणीही, कितीही स्वस्तात सांगितले तरी, इमल्शन मारू नये. महिन्यातून एकदा कार्पेट व्हॅक्यूम करणे, आणि जिन्याच्या तोंडाशी काथ्याचे पायपुसणे.

बिल दिले. कार्पेट धुण्याचा खर्च रंगाच्या वर, पहिल्या ओळीत लिहिला आहे.